एका टाकीत कुठवर? बायकर वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात चेन-स्प्रॉकेटवर लिहिताना शेवटी सहज विचारलं होतं की तुमची गाडी एका टाकीत किती जाते ते कळवा, तर बावा, एवढी पत्रं आली की संपादकांनी दोन पानं वाढवून दिली. पण गंमत बघा, विचारलं होतं टाकीचं आणि जवळपास सगळ्यांनी लिहिलं ॲव्हरेज. "माझी ४५ देते", "माझी ३२ देते", कोणी तर "उतारावर ६० देते" असंही लिहिलंय. टाकी फुल केल्यापासून पेट्रोल संपत आल्याचा दिवा लागेपर्यंत किती किलोमीटर गेली हे सांगणारे मोजून चार जण. म्हणून या वेळी सगळा अंक त्याच्यावरच.

नागपुरातल्या मानेवाड्याहून एक इंजिनिअरिंगचा विद्यार्थी विचारतो:
भाऊ, माझ्याकडे यामाहाची आर-१५ व्ही-फोर आहे, दीड वर्ष झालं. मीटरवर ४८-४९ चं ॲव्हरेज दाखवून राहिली, पण मी कॉलेजच्याच रस्त्यावर, दरवेळी तीनशेचं पेट्रोल टाकून हिशेब केला तर एकदा ३७ आलं आणि एकदा ५२ आलं. आता मीटर खोटं बोलते का पंपवाला का मीच येडा? घरी बाबा म्हणतात विक ती गाडी न् स्प्लेंडर घे.

बाबांना आत्ताच मधे आणू नको, आधी हिशेब नीट करू. एकाच गाडीवर, एकाच कॉलेजच्या रस्त्यावर एकदा ३७ आणि एकदा ५२ येत असेल तर गाडीत काही नाही, मोजण्यात गडबड आहे. तू लिहिलंय की तू दरवेळी तीनशेचं टाकतो. तीनशेचं म्हणजे आजच्या भावानं तीन लिटरच्या आतच. आता त्या तीन लिटरमधे तुझा टाकीतल्या पातळीचा अंदाज अर्धा लिटर इकडं-तिकडं झाला की सहावा हिस्सा चुकला ना भाऊ, मग ४४ चे ३७ पण होतात आणि ५२ पण होतात.

खरा हिशेब एकच, टाकी टू टाकी. फुल करायची, ट्रिप मीटर शून्यावर आणायचं, पाहिजे तेवढी चालवायची, पुन्हा फुल करायची, पावतीवरचे लिटर वहीत लिहायचे. पण यातही एक खोच आहे जी बहुतेक पोट्टे विसरतात. आर-१५ ला मेन स्टँड नाही. साइड स्टँडवर गाडी डावीकडे कलते आणि टाकी पण कलते, मग नोझलचं ऑटोकट (टाकी भरली की पेट्रोल आपोआप थांबतं ते) कधी लवकर पडतं कधी उशिरा. एकदा कललेली भरली आणि पुढच्या वेळी तू गाडीवर बसून सरळ धरून भरली की झाला घोळ. म्हणून दरवेळी गाडी सरळ धरायची, मित्र सोबत असला तर त्याला धरायला लावायची, आणि पहिल्या ऑटोकटला थांबायचं. पंपवाला पोरगा "राऊंड फिगर करून देऊ का" विचारतो तेव्हा नाही म्हणायचं, तो राऊंड फिगरच तुझा हिशेब खातो.

आणि एका टाकीवर निकाल द्यायचा नाही. मी माझ्या मित्राच्या आर-१५ वर पाच टाक्या सलग लिहून घेतल्या होत्या, एकूण १६१२ किलोमीटर झाले आणि एकूण ३८.४ लिटर लागलं, म्हणजे ४२ पकड. त्या पाचात एक टाकी ३९ ची होती आणि एक ४५ ची. पण बेरीज मोठी झाली की शेवटच्या भरण्यातली अर्ध्या लिटरची चूक सव्वा टक्क्याची राहते, तिची मग पर्वा नाही.

आता मीटरचं. मीटर पेट्रोल मोजतच नाही. गाडीतला कॉम्प्युटर इंजेक्टर, म्हणजे इंजिनात पेट्रोल फवारणारी तोटी, किती वेळ उघडा होता ते मोजतो आणि त्यावरून पेट्रोलचा अंदाज काढतो. तो अंदाज थोडा गोड असतो, पण गोडवा दरवेळी साधारण सारखाच असतो, म्हणून त्याला फेकून द्यायची गरज नाही. समज तुझ्या वहीत ४२ आलं आणि मीटर ४८ दाखवतंय, तर मीटरचा आकडा साधारण आठातले सात धरायचा. हायवेवर मीटर ४० म्हणालं की आपण मनात ३५ म्हणायचं.

पंपवाल्यावर शंका असेल तर भांडू नको, पंपावर प्रमाणित केलेलं पाच लिटरचं माप ठेवावंच लागतं आणि ग्राहकाला ते मागून बघायचा हक्क आहे. मी शहरातल्या एका पंपावर मागितलं तर मॅनेजर आधी "साहेब, चावी मालकाकडे आहे" म्हणाला, मग दहा मिनिटं मी हललोच नाही तर चावी त्याच्याच खिशातून निघाली. माप बरोबर भरलं, ते पण सांगतो, नाहीतर तुम्ही म्हणाल फक्त नावं ठेवतो.

राहिलं कंपनी सांगते त्या ॲव्हरेजच्या आकड्याचं, तर तो गाडी रोलरवर चालवून, ठरलेल्या स्पीडच्या ठरलेल्या पॅटर्नवर काढतात. तिथं व्हरायटी चौक नसतो न् मागं डबलसीट मित्र नसतो. बाबांना वहीतला आकडा दाखव. स्प्लेंडरची बरोबरी होणार नाहीच, पण निदान भांडण खऱ्या आकड्यावर होईल.

धरमपेठेतून:
दादा, माझ्याकडे केटीएमची जुनी आरसी ३९० आहे, लहान टाकीवाली. आम्ही पाच जण पचमढीला जाणार आहोत. बाकीच्यांच्या टाक्या मोठ्या. माझ्यामुळे सगळ्यांना थांबावं लागेल म्हणून ते आताच टोमणे मारून राहिले. एका टाकीत नेऊ शकतो का? आणि दिवा लागल्यावर किती जाते?

एका टाकीत नेऊ नको. आता का ते सांगतो.

जुन्या आरसी ३९० ची टाकी साडेनऊ लिटरच्या आसपास, कंपनीनं पुढं नव्या आरसीला ती वाढवून १३.७ ची केली, म्हणजे ही तक्रार तुझ्या एकट्याची नव्हती. तुझ्या चौघांकडे काय आहे माहीत नाही, पण साधारण सांगायचं तर आर-१५ आणि अपाचे आरआर ३१० ला ११ लिटर, जिक्सर एसएफ २५० ला १२, पल्सर आरएस २०० ला १३ आणि निन्जा ३०० ला तब्बल १७ लिटर बसते. तुझ्या ग्रुपात निन्जावाला असेल तर तोच सगळ्यात जास्त टोमणे मारत असेल, बघ.

पण टाकी गुणिले ॲव्हरेज असा हिशेब करणारा रस्त्यात गाडी ढकलतो, हे मी स्वतः ढकलून सांगतोय. काही वर्षांआधी आरएस २०० होती माझ्याकडे, शहरात आणि आरामात चालवली की ३५ द्यायची. मी म्हटलं तेरा गुणिले पस्तीस साडेचारशे, सिवनीला जाऊन इकडं-तिकडं भटकून परत यायला काय लागते. जबलपूर हायवे म्हणजे मोकळा चारपदरी रोड, दोस्त पुढं पळून राहिलेले, मी पण काटा खाली येऊच दिला नाही. परत येताना दिवा लागला तर मी काय म्हटलं, "अजून शंभर जाते रे." चोरबाहुलीच्या जवळ, ट्रिप मीटरवर ३१० असताना, गाडी दोनदा खोकली आणि गप. साडेचारशे कुठं न् ३१० कुठं. पेंचचं जंगल, संध्याकाळ होत आलेली, दोस्त पुढं निघून गेलेले आणि मोबाइलला रेंज नाही. हेल्मेट घालूनच ढकलत होतो, म्हटलं वाघ आला तर निदान डोकं वाचेल. शेवटी एका टपरीवाल्या काकांनी त्यांच्या स्कूटरसाठी ठेवलेलं लिटरभर दिलं, पैसे पण घेत नव्हते, आणि मी मनसरला येऊन टाकी फुल केली. तेव्हापासून वही.

म्हणून माझा हिशेब असा, टाकीतून दीड लिटर सरळ वजा करायचं, आणि जे उरेल त्याला वहीतल्या सगळ्यात वाईट टाकीच्या ॲव्हरेजनं गुणायचं, चांगल्या टाकीच्या नाही. तुझं साडेनऊमधून दीड गेलं, राहिले आठ. ३९० हायवेवर जोरात चालवली आणि वाईटात वाईट २४ दिलं असं धरलं तर आठ गुणिले चोवीस १९२. पचमढी आपल्याकडून सौंसर, छिंदवाडा, तामिया करत सव्वादोनशे-अडीचशे किलोमीटर पडते, म्हणजे बसतच नाही. सावनेर सोडलं की मधे छिंदवाडा आहेच सव्वाशेच्या आसपास, तिथं टाकी अर्धी असली तरी फुल करून घे. चहा सगळ्यांना प्यायचाच असतो, तेव्हाच भरून घेतलं की तुझ्यामुळे कोणी थांबलं असं होत नाही. तामियाच्या पुढं घाट आणि जंगल आहे, तिथं पंपाच्या भरवशावर राहू नको. येताना पण तेच.

आता दिव्याचं. दिवा लागल्यावर किती जाते हे बघायला गाडी बंद पडेपर्यंत चालवणारे महाभाग आहेत, तसं करू नको. इंजेक्शनच्या गाडीत पेट्रोलचा पंप टाकीच्या आतच बसवलेला असतो आणि आजूबाजूच्या पेट्रोलनंच तो थंड राहतो. कोरडा फिरला की तापतो. टाकीच्या तळचा कचरा ओढला तो वेगळाच, आणि नवा पंप स्वस्तात येत नाही. त्याऐवजी असं कर, दिवा कायमचा लागला, लुकलुकणं नाही, कायमचा, की सरळ जवळच्या पंपावर जाऊन फुल कर आणि किती बसलं ते लिही. साडेनऊच्या टाकीत आठ बसलं म्हणजे दिवा लागला तेव्हा दीड होतं. दोन-तीनदा केलं की तुझ्या गाडीचा आकडा तुला पाठ.

लुकलुकणं वेगळं. घाटात चढावर किंवा जोरात ब्रेक मारला की पेट्रोल एका बाजूला जातं आणि दिवा घाबरवतो. आणि या गाड्यांची टाकी आतून खोगिरासारखी असते, मधे उंच न् दोन्हीकडे खोल, म्हणून काही गाड्यांमधे पंपाच्या बाजूचं संपलं तरी दुसऱ्या बाजूला घोटभर उरलेलं असतं. अगदीच बंद पडली तर गाडी पंपाच्या बाजूला चांगली कलवून हलवून बघ, ते घोटभर इकडं आलं तर किलोमीटर-दोन किलोमीटर मिळून जातात. माझ्या आरएसनं चोरबाहुलीला तेवढंही दिलं नव्हतं, पण तुझी देईल कदाचित.

कोराडी रोडवरून, 'आठ जणांचा ग्रुप' अशी सही आहे:
आमच्यात वाद चाललाय. एक म्हणते की स्पोर्ट्स बाइकची बॉडी हवा कापायलाच बनवली आहे त्यामुळे १२० वर पण ॲव्हरेज पडत नाही, उलट वर खुलते. दुसरा म्हणते ८० च्या वर गेला की पैसे उडवले. कोण बरोबर?

दुसरा. पहिल्याला चहा पाजायला लावा.

हवा कापायला बनवली हे खरं आहे, पण कापायची हवाच किती वाढते ते बघा. हवेचा विरोध स्पीडच्या वर्गानं वाढतो, म्हणजे ६० वरून १२० ला गेलात की हवेचा धक्का दुप्पट नाही होत, चौपट होतो. ८० वरून ११० म्हणजे फक्त तीस वाढले असं वाटते, पण धक्का १.९ पट. आणि तो धक्का ढकलत तेवढ्याच स्पीडनं पुढं जायला लागणारी ताकद घनानं वाढते, ८० ते ११० मधे ती अडीच पटीच्या वर जाते. फेअरिंगनं, म्हणजे त्या हवा कापणाऱ्या बॉडीनं, एवढंच होते की उभ्या बसायच्या गाडीपेक्षा हा धक्का कमी असतो. कमी असतो, वाढत नाही असं नाही. आणि खरं सांगू का, फेअरिंगपेक्षा मोठा अडथळा म्हणजे वर बसलेला आपला गडी. जॅकेट फुगलेलं, पाठीवर सॅक, छाती ताठ, म्हणजे गाडीवर पालच उभारला. टाकीला छाती लावून काचेमागं मान घातली तर फरक जाणवतो, पण असं जबलपूरपर्यंत कोणी जाऊन दाखवावं, मानेचा डॉक्टर वर्धा रोडवर शोधावा लागेल.

"वर खुलते" असं वाटायचं कारण वेगळं आहे, ते पण खोटं नाही. या इंजिनांचा जोर वरच्या आरपीएमला, म्हणजे इंजिन मिनिटाला जास्त फेरे मारते तेव्हा, येतो. आर-१५ चंच बघा, ७४०० च्या आसपास तिचं व्हीव्हीए, म्हणजे व्हॉल्व्ह जास्त उघडणारी यंत्रणा, सुरू होते आणि गाडी एकदम जिवंत होते. पण जिवंत होणं आणि कमी खाणं या दोन गोष्टी आहेत, उलट जिवंत झाली की भूक पण वाढते. जिमवाल्या पोराच्या आईला विचारा.

पण दुसऱ्यानं पण जास्त फुशारकी मारू नये. कारण तो कदाचित शहरात ३५ च्या स्पीडला सहावा टाकून फिरत असेल ॲव्हरेजच्या नावाखाली, गाडी ठकठक करून राहिली तरी. त्यानं उलटंच होते, इंजिन गुदमरते, तुम्ही मूठ जास्त पिळता आणि पेट्रोल तेवढंच जाते. जिथं गाडी न थरथरता आणि न ओरडता चालते तो गिअर बरोबर. बहुतेक १५० ते २५० च्या गाड्यांना हायवेवर ७०-८० ची जागा गोड लागते, आणि चारपदरी हायवेवर दुचाकीला मर्यादा पण ८० चीच आहे, हे मी आपलं सांगून ठेवतो.

यावरून आठवलं, दोघा-तिघांनी विचारलंय की समृद्धीनं मुंबईला एका टाकीत किती जाईल. ७०१ किलोमीटरचा तो रस्ता आहे आणि त्यावर दुचाकीला बंदी आहे. त्यामुळे उत्तर शून्य. अमरावती रोडनं जा.

कामठीहून:
भाऊ, नवतपात, म्हणजे मे अखेरच्या त्या नऊ कडक दिवसांत, टाकी फुल करू नये, फुटते म्हणतात. आणि सकाळी सहाला भरलं तर पेट्रोल जास्त मिळते का?

टाकी फुटत नाही. पेट्रोल फुगते मात्र नक्की. एका डिग्रीला साधारण हजारात एक भाग धरा. जमिनीखालच्या टाकीतून पेट्रोल २८-३० डिग्रीला आलं, तुम्ही अकरा लिटरची टाकी अगदी झाकणापर्यंत थबथब भरली आणि गाडी ऑफिसच्या बाहेर मे महिन्याच्या उन्हात उभी करून टाकली, आत वीस डिग्री चढले, तर दोनशे मिलीच्या वर पेट्रोल फुगून जागा मागते. जागा नसली की ते बाहेर यायला बघते. आता बीएस-सिक्सच्या गाड्यांना पेट्रोलची वाफ धरून ठेवायला कोळशाचा डबा असतो, कॅनिस्टर म्हणतात त्याला, त्याच्यात वाफेऐवजी पेट्रोलच शिरलं की तो खराब होतो आणि गाडी सुरू व्हायला कुरकुर करते. म्हणून ऑटोकट पडला की थांबायचं, "अजून पन्नासचं टाक" नाही. तेवढं पाळलं की नवतपात पण बिनधास्त फुल करा, उलट लांब जायचं असेल तर कराच. गाडी सावलीत लावा, नसली सावली तर टाकीवर जुना पांढरा दुपट्टा टाका. तोंडाला बांधतो तोच चालते.

सकाळी सहाचं म्हणाल तर पंपाची टाकी जमिनीखाली असते, तिथं सकाळ-दुपारचा फरक फारसा पोचत नाही. सकाळी भरायचा फायदा एकच, गर्दी नसते आणि तर्री पोहे गरम मिळतात.

एक मात्र बघून घ्या, आपल्याकडे धूळ फार, झाकणातलं हवेचं बारीक भोक बुजते. मग पेट्रोल खाली जाताना वरून हवा येत नाही आणि गाडी २०-२५ किलोमीटरवर पेट्रोल संपल्यासारखी बंद पडते. झाकण उघडलं की फुस्स आवाज येतो आणि पुन्हा सुरू. असं झालं तर टाकीतला पंप बदलायच्या आधी ते भोक साफ करा, एका मेकॅनिकनं माझ्या शेजाऱ्याला याच्यासाठी पूर्ण पंप बदलायला लावला होता.

महालातून एक ज्येष्ठ वाचक:
माझ्याकडे २००३ ची करिझ्मा आहे, अजून पहिल्याच झटक्यात सुरू होते. पूर्वी ४० च्या आसपास द्यायची, आता ३० वर आली. सगळे म्हणतात इथेनॉलमुळे. खरे आहे का? आणि रिझर्व्हला लावून चालवले तर कचरा जातो असे आमच्या वेळी म्हणत, ते बरोबर का?

काका, २०२३ पासून वीस टक्क्यांचं पेट्रोल यायला लागलं आणि आता पंपावर तेच मिळते. इथेनॉलचा आग्रह धरणारे मंत्री आपल्याच शहराचे खासदार, त्यामुळे नागपुरात हा विषय निघाला की पानठेल्यावर दोन पार्ट्या पडतात. आपण फक्त गणित करू. एक लिटर इथेनॉलमधे पेट्रोलच्या साधारण दोन तृतीयांश ऊर्जा असते. वीस टक्के मिसळलं तर एकूण ऊर्जा सहा-सात टक्क्यांनी कमी झाली, आणि आधी दहा टक्के मिसळलेलं होतंच, त्याच्याशी तुलना केली तर साडेतीन टक्के. म्हणजे ४० ची ३७ झाली असती तर मी म्हटलं असतं इथेनॉल. ४० ची ३० झाली, एवढं पाप एकट्या इथेनॉलच्या माथी मारता येत नाही.

तुमच्या गाडीत मी आधी कार्बोरेटर उघडून बघायला सांगेन. जुन्या गाडीचे रबरी पाइप, वॉशर, फ्लोटची सुई हे सगळं त्या काळच्या पेट्रोलसाठी बनवलेलं, इथेनॉल त्यांना कडक तरी करते नाहीतर फुगवते तरी, मग सुई नीट बसत नाही आणि पेट्रोल नकळत ओव्हरफ्लो होत राहते. हे इथेनॉलचं खरं नुकसान, ऊर्जेचं त्यापुढं किरकोळ. दुसरं, इथेनॉल पाणी ओढते. पावसाळ्यात दोन-दोन महिने गाडी उभी राहत असेल तर टाकीच्या तळाला पाणी बसते आणि गंज धरते. रबरी सामान नवीन टाका, ब्रेक चिकटून तर नाही ना ते चाक हातानं फिरवून बघा, प्लगचा रंग बघा. काळाकुट्ट असेल तर ती जास्त पिऊन राहिली हे नक्की.

रिझर्व्हचं तुमच्या वेळचं म्हणणं अर्धं बरोबर. टाकीखालच्या पेट्रोलच्या कॉकच्या आत दोन तोंडं असतात, 'ऑन'चं नळीवर उंच आणि 'रिझर्व्ह'चं तळाजवळ. तळाला कचरा-पाणी असते म्हणून ते आधी येते. पण म्हणून वर्षानुवर्षं रिझर्व्ह वापरलंच नाही तर तिथंच गाळ साचतो आणि ज्या दिवशी खरंच गरज पडते त्याच दिवशी अडकते. महिन्यातून एकदा रिझर्व्हवर किलोमीटरभर चालवा आणि परत 'ऑन'ला आणा. हे शेवटचं विसरू नका, रिझर्व्हवरच राहिलं तर पुढच्या वेळी गाडी बंद पडल्यावर खाली हात जातो आणि कॉक आधीच तिथं असतो. पंधरा लिटरची टाकी आणि हातात कॉक, काका, आजच्या पोट्ट्यांकडं दिवा आहे पण ते सुख नाही.

मनीषनगरहून एक वाचक ताई:
मी रोज मिहानला जिक्सर एसएफ २५० नं जाते. ऑफिसमधले सांगतात की टाकी अर्धीच ठेव, वजन कमी राहतं आणि ॲव्हरेज वाढतं. आणि ९५ ऑक्टेनवालं महागडं पेट्रोल टाकल्यानं फायदा होतो का?

ताई, एक लिटर पेट्रोल पाऊण किलोच्याही आत भरते. तुमची बारा लिटरची टाकी अर्धी ठेवली म्हणजे साडेचार किलो वाचले. तेवढं तर तुमच्या लॅपटॉपच्या बॅगेत आणि डब्यात जाते. गाडी दीडशे किलोच्या वर, त्यात हे कुठं दिसणार. उलट रोज-रोज पंपावर जाऊन रांगेत उभं राहण्यात वेळ आणि पेट्रोल दोन्ही जाते. फुल करा न् आठवडाभर विसरा.

महागडं पेट्रोल तुमच्या गाडीला लागत नाही. ऑक्टेन म्हणजे ताकद नाही, पेट्रोल दाबाखाली आपोआप पेटायला किती विरोध करते त्याचं ते माप. इंजिनात ठकठक होत नसेल तर जास्त ऑक्टेननं नुसतं समाधान मिळते. तेच पैसे महिन्यातून दोनदा टायरची हवा बघण्यात घाला, ती तर बहुतेक ठिकाणी दहा रुपयात नाहीतर फुकटच. किती हवा पाहिजे ते चेनकव्हरच्या आसपास स्टिकरवर लिहिलेलं असते, हवावाल्या भाऊच्या अंदाजावर सोडू नका, तो सगळ्यांना पस्तीस-पस्तीस मारतो.

जागा संपत आली, उरलेले पटापट:

चिखलदऱ्याच्या घाटात उतरताना न्यूट्रल करून पेट्रोल वाचवणारे (परतवाड्याहून आणि दोन नागपूरचे): नका करू. इंजेक्शनच्या गाडीत गिअरमधे असताना मूठ पूर्ण सोडली की कॉम्प्युटर इंजेक्टर बंदच करतो, उतारावर पेट्रोल जातच नाही. न्यूट्रल केलं की इंजिन चालू ठेवायला उलट थोडं जाते, आणि इंजिनचा ब्रेक गेला तो वेगळा. तिसऱ्या-दुसऱ्यात उतरा.

मोठ्या आवाजाचा सायलेन्सर लावल्यावर ॲव्हरेज वाढलं असं सांगणारा सदरचा वाचक: वाढलं नाही रे भाऊ, चौकाचौकात पोलिसांच्या भीतीनं तू हळू चालवायला लागला.

सिग्नलवर गाडी बंद करावी का: अर्ध्या मिनिटाच्या वर उभं राहायचं असेल तर करा, इंजेक्शनच्या गाडीला सुरू व्हायला वेगळं पेट्रोल लागत नाही म्हणण्याइतकं कमी लागते. अजनी चौकात तर हमखास करा.

पाण्याच्या बाटलीत लिटरभर पेट्रोल घेऊन सॅकमधे ठेवणारा हिंगणा रोडचा विद्यार्थी: ती बाटली आजच रिकामी कर. पाठीवर, उन्हात, प्लास्टिकमधे पेट्रोल, तुला कळते का काय करून राहिला? दीड लिटर ठेवायचंच असेल तर ते टाकीत ठेव, वर पचमढीवाल्याला सांगितलं तसं.

आणि वाडीहून एका वाचकानं वहीचे आठ महिन्यांचे फोटो पाठवलेत, तारीख, लिटर, किलोमीटर, हवा कधी भरली, चेनला तेल कधी टाकलं, सगळं. चेनला तेल घातलेल्या आठवड्यात ॲव्हरेज एक-दीडनं वाढलेलं दिसते आहे. फेब्रुवारीत मात्र एक टाकी अचानक २९ ची आहे आणि पुढं त्यांनी फक्त एवढंच लिहिलंय, "सासऱ्यांना गाडी दिली होती."